थेंब दोनदा पडले

मैथिली राहुरीहून एकोणीस दिवसांनी घरी परतली, तेव्हा तिच्या पोटच्या पोरीनं तिला पाणी आणून दिलं. आता मुलीनं आईला पाणी दिलं यात सांगण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण चारूनं ते ट्रेमधून आणलं होतं. ठेवणीतला काचेचा ग्लास, त्यावर झाकण, शेजारी लाडवाची बशी. पाहुण्यांना देतात तसं अगदी. ट्रे पुढं धरला आणि मग ती दाराच्या कडेला जाऊन नीट उभी राहिली, समोरच्या बाईनं ग्लास परत ठेवायची वाट बघत.

"अगं चारू, अशी बघत काय उभी राहिलीस? आई आली ना तुझी!" सासूबाई आतून ओरडल्या.

चारूनं मैथिलीच्या तोंडाकडे पाहिलं. चार-पाच सेकंद ती नुसतीच बघत होती. मग एकदम हसली, पळत आली आणि गळ्यात पडली. "आई! तू केस कापलेस?"

मैथिलीनं केस कापले नव्हते.

"घ्या! जा आणखी ट्रेनिंगला," शंतनू बॅग उचलून आत नेता नेता म्हणाला. "पोरगी रुसलीय तुझ्यावर."

सासूबाई हसल्या, चारू हसली, मैथिलीही हसली. पण तिच्या मनातून तो ट्रे काही केल्या जाईना. मूल रुसलं की आईकडे पाठ फिरवतं, हातपाय आपटतं. रुसलेलं मूल झाकण ठेवून पाणी आणत नाही हो! मैथिली जयसिंगपूरच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत होती. मातीत काय कमी पडलंय ते पान पिवळं पडायच्या आधी ओळखायचं, हे तिचं रोजचं काम. घरातलं मात्र ती गेलं वर्षभर बघून न बघितल्यासारखं करत आली होती.

चारुता खोत, वय वर्षं साडेआठ. पोर हुशार आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. एकदा वाचलं की पाठ, एकदा बघितलं की आलं. शेजारच्या गंगव्वा आजी बेळगावकडच्या. चारू सुट्टीत आठ दिवस त्यांच्या पायरीवर बसली आणि नवव्या दिवशी त्यांच्याशी कानडीत भांडायला लागली. गंगव्वांनी तिची दृष्ट काढली. पुण्याच्या एका निवासी शाळेची परीक्षा झाली, तीत ती जिल्ह्यात पहिली आली. शंतनूनं गल्लीभर पेढे वाटले आणि तिच्यासाठी चाकांची बॅग आणून कपाटावर ठेवली. जूनमध्ये जायचं होतं.

हे झालं लोकांना दिसणारं. न दिसणारं असं, की तीन महिन्यांनी गंगव्वा आजी कानडीत काही म्हणाल्या तेव्हा चारूनं आईला विचारलं, "त्या काय बोलताहेत?" दिवाळीच्या सुट्टीनंतर ती सायकलवर बसली आणि जन्मात सायकल न पाहिल्यासारखी धाडकन पडली. ढोपरं फुटली. तासाभरात पुन्हा वाऱ्यासारखी चालवायला लागली, तो भाग वेगळा.

"विसरली तर बिघडलं कुठं?" शंतनूचं म्हणणं. "परत शिकते की तासाभरात! आपल्याला जन्मभर येतं म्हणून आपण कोणते दिवे लावलेत?"

आणि काल-परवापर्यंत मैथिलीनंही मनाची तशीच समजूत घातली होती. पण आज पोरीनं आपल्याला तसंच परत शिकून घेतलं, पाच सेकंदांत, हे तिला लख्ख कळलं होतं. आणखी एक गोष्टही तिला कळत होती, आणि ती जगात दोनच बायकांना ठाऊक होती. एक ती स्वतः, दुसरी तिची मम्मी.

मैथिली ही माहेरची प्राजक्ता. खोतांच्या घरात सुनेचं नाव बदलायची पद्धत अजून चालू होती. लग्नात ताटात तांदूळ पसरले, शंतनूनं अंगठीनं त्यात 'मैथिली' लिहिलं, आणि प्राजक्ता केसरकरची मैथिली खोत झाली. आरोग्याचं नवं कार्डही त्या नावानं निघालं. पहिलं बाळंतपण माहेरी, आजऱ्याकडे. कळा अचानक सुरू झाल्या, आणि धावपळीत मम्मीच्या हाताला लागलं ते कपाटातलं जुनं कार्ड. दवाखान्यानं तेच नोंदवलं. 'प्राजक्ता केसरकर यांचे बाळ.'

बाळ जन्मलं ते निळं पडलेलं. रडेचना. चार मिनिटं दाई, सिस्टर, डॉक्टर सगळे धडपडत होते. चार मिनिटांनी बारीकसा आवाज आला, तो ऐकून मम्मी भिंतीला टेकून खालीच बसली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाळाच्या नाकात दोन-दोन थेंब सोडले. नवीन औषध होतं ते तेव्हा. जन्मल्यावर न रडलेल्या बाळांनाच देत असत. लोक त्याला मेंदूचे थेंब म्हणायचे.

"प्राजू, माझी शपथ आहे तुला," मम्मी घरी आल्यावर म्हणाली. "बाळ रडलं नाही, थेंब सोडले, यातलं एक अक्षर सासरी कळता कामा नये. उद्या पोरगी जरा कुठं अडखळली तर तुझ्या नावानं बोटं मोडतील. 'जन्मताच अधू होती, आमच्यापासून लपवलं' म्हणतील."

सव्वा महिन्यानं मैथिली बाळाला घेऊन जयसिंगपूरला आली. बारसं थाटात झालं. आणि पुढच्याच आठवड्यात निळी पेटी घेऊन सिस्टर दारात हजर! सरकारनं ठरवलं होतं, थेंब आता सगळ्याच बाळांना द्यायचे. दोन महिन्यांच्या आत एकदाच.

"आधी कुठं सोडलेत का थेंब?" सिस्टरनं विचारलं. "बाळ जन्मल्याबरोबर रडलं होतं ना?"

"रडलं का म्हणजे काय?" सासूबाई तिथंच बसल्या होत्या. "दवाखाना डोक्यावर घेतला असणार! खोतांचं पोर आहे ते."

'आधी सोडलेत' म्हणायचं म्हणजे 'रडलं नव्हतं' म्हणायचंच. मैथिलीनं तोंड उघडलं, सासूबाईंच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि मिटलं. सिस्टरनं फोनवर नोंद केली. 'मैथिली खोत यांचे बाळ, पहिला डोस.' तिकडे प्राजक्ता केसरकरचं बाळ 'पुढील तपासणीस आले नाही' म्हणून कागदोपत्री बेपत्ता झालं. त्या बाळाची चौकशी करणारे निरोप पुढं कैक वर्षं मम्मीच्या फोनवर यायचे. मम्मी ते मुकाट्यानं पुसून टाकायची.

राहुरीहून आल्यावर चौथ्या दिवशी मैथिलीनं मिरजेच्या डॉक्टर लतीफा मुजावरांची वेळ घेतली. लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर, आसपासच्या चार जिल्ह्यांत नाव होतं. "पुण्याला पाठवायच्या आधी एकदा दाखवू," असं तिनं घरी सांगितलं. शंतनू गाडी काढून आला.

डॉक्टरांनी चारूच्या डोक्यावर टोपी चढवली, पडद्यावर चित्रं घेतली, तिच्याशी तासभर गप्पा मारल्या. मग तिला खिडकीपाशी कोडी सोडवायला बसवलं.

"खोत, तुम्ही काम काय करता?"

"बांधकामाची कामं घेतो. फरशी, कोबा."

"मग तुम्हाला चटकन कळेल. लहान मुलाचा मेंदू म्हणजे ओला कोबा. बोट टेकवलं तरी ठसा उठतो, म्हणून मुलं भराभर शिकतात. पण दुसरं कुणी त्यावरून चाललं की आधीचा ठसा गेला. सहा-सात वर्षांचं होईस्तोवर मेंदूच्या पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते. तो झाला तुमचा कोबा पक्का. मग नवीन शिकायला कष्ट पडतात, पण शिकलेलं टिकतं. आता जन्मताना ज्या बाळाला प्राणवायू कमी पडतो, त्याच्या मेंदूतल्या काही वाटा मरतात. आपले थेंब ही जाळी थोडी पुढं ढकलतात. मेंदूला नव्या वाटा पाडायला दोन वर्षं जास्त मिळतात. हजारो मुलं त्यामुळे चालायला-बोलायला लागली."

"मग चांगलंच आहे की," शंतनू म्हणाला.

"चांगलंच आहे. पण चारुताची जाळी अजून विणलेलीच नाही. एका डोसनं कधीकधी उशीर होतो. नऊ वर्षांच्या आत आपोआप विणली जाते, आपण थांबायचं. पण दोन डोस गेले असतील, तर ती कधीच विणली जात नाही." डॉक्टरांनी चष्मा काढला. "अशी चार मुलं मी पाहिलीत. आज शिकायचं, उद्या विसरायचं. आधी सायकल, मग भाषा, मग माणसं. त्यांतला एक मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. त्याच्या आईला रोज सकाळी त्याला आपलं नाव सांगावं लागतं."

मैथिलीनं खिडकीपाशी बसलेल्या चारूकडे पाहिलं.

"त्याला औषध नाही?" शंतनूनं विचारलं.

"आहे. जाळी विणवणारं इंजेक्शन. पण ते नऊ वर्षांच्या आतच लागू पडतं, त्या मुलाला उशीर झाला होता. आणि एकच डोस झालेल्या मुलाला ते दिलं, तर दुप्पट जाळी विणली जाते. मग पुढं काही शिकवा, डोक्यात शिरायचं नाही. त्यामुळे अंदाजानं देता येत नाही. चित्रात दोन्ही सारखंच दिसतं आणि थेंबांची खूण इतक्या वर्षांनी रक्तात उरत नाही. म्हणून विचारते. नोंद एकच दिसतेय. तुमची खात्री आहे ना?"

सांग. आत्ताच्या आत्ता सांग, असं मैथिली स्वतःलाच म्हणत होती. शेजारी शंतनू होता. साडेआठ वर्षांचं खोटं एका वाक्यात उघडं करायचं होतं, त्याच्या मांडीला मांडी लावून बसून.

"एकच," ती म्हणाली. तो शब्द तोंडातून गेला कसा, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"मग थांबू. पंधरा दिवसांनी या, तसं लिहून दोघांच्या सह्या लागतील."

ते पंधरा दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक! मातीचे नमुने घेताना ती दोनदा शेतकऱ्यांची नावं उलटीपालटी करून बसली. सकाळी चारू उठली की मैथिली आधी तिच्या नजरेकडे बघायची. ओळखलं का? ओळखलं. हुश्श. आजचा दिवस गेला. कामावर जाताना पाय निघेना, परत येताना पाय उचलेना. सांगावं तर घर फुटतंय, न सांगावं तर पोरगी हातची जातेय. अन् सांगून वर इंजेक्शनचं काही भलतंच झालं तर? जीव नुसता टांगणीला लागला होता.

अकराव्या दिवशी दुपारी तिनं मम्मीला फोन लावला. पडद्यावर मम्मीचा चेहरा उमटला. चारू शेजारीच उभी होती. दर मे महिन्यात महिना-महिना त्या आजीच्या घरी राहिलेली, तिच्या हातचे घावन खाल्ल्याशिवाय न उठणारी चारू. तिनं पडद्याकडे पाहून अगदी नम्रपणे विचारलं, "आई, ह्या कोण?"

मम्मीनं फोनच बंद केला. मैथिलीनं परत लावला, तिनं उचलला नाही. तासाभरानं तिच्याकडून एक फोटो आला. घडीवर फाटत आलेला कागद, आजऱ्याच्या दवाखान्याचा. 'प्राजक्ता केसरकर यांचे बाळ. जन्मतः रडले नाही. तिसरा दिवस, डोस दिला.' फोटोखाली मम्मीनं एक शब्दही लिहिला नव्हता.

पंधराव्या दिवशी सासूबाईही मिरजेला आल्या. "माझ्या नातीचं आहे, मी घरी बसून काय करू?" म्हणाल्या. चारू पुन्हा खिडकीपाशी कोडी घेऊन बसली. डॉक्टरांनी कागद पुढं सरकवला. शंतनूनं झोकात सही केली आणि पेन मैथिलीच्या हातात दिलं.

तिनं पेन खाली ठेवलं.

"दोन झालेत," ती म्हणाली.

"काय दोन?"

"डोस. पहिला माझ्या माहेरी, तिसऱ्या दिवशी. जुन्या नावानं. ती जन्मल्यावर रडली नव्हती, चार मिनिटं. मग घरी सिस्टर आल्या तेव्हा दुसरा." तिनं फोन टेबलावर ठेवला, कागदाचा फोटो उघडून. "चूक माझी आहे. तेव्हा बोलले नाही, परवा इथं बसून बोलले नाही. सगळी चूक माझी."

मग तिला रडू फुटलं. दोन्ही हातांत तोंड धरून ती रडत राहिली. खोलीत कुणीच काही बोललं नाही. डॉक्टरांनी फोन उचलून तो कागद मोठा करून वाचला, मग परत एकदा वाचला.

शंतनूचा आवाज आला तो इतका हळू, की ओरडला असता तर बरं झालं असतं. "साडेआठ वर्षं?"

"अहो, ऐका ना माझं..."

"साडेआठ वर्षं माझ्या ताटात जेवलीस आणि... इंजेक्शनचं आम्ही बघतो. तू आजच्या आज माहेरी जा. माझ्या डोळ्यांसमोर नको."

"खोत," डॉक्टर मध्येच म्हणाल्या, "कोबा घातल्यावर किती दिवस पाणी मारता?"

शंतनूला काही कळेना. "एकवीस. का?"

"हे इंजेक्शन आजच देणार आहे मी. जाळी विणायला तेवढेच दिवस लागतात. अगदी आजच्या दिवसापासून ते एकविसाव्या दिवसापर्यंत जे तिच्यासमोर असेल, ते पक्कं बसेल. जे नसेल ते बसेल याची हमी नाही. एकोणीस दिवस आई नव्हती तेव्हा काय झालं, ते सांगितलंत ना मला? आता बायकोला माहेरी पाठवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

मैथिलीनं डोळे पुसले. "त्यांनी ठरवायचं काही नाही. मी कुठंही जाणार नाही. बोलू नका माझ्याशी, जेवू नका माझ्या हातचं. पण तिच्यासमोरून मी हलणार नाही. एकवीस दिवसांनंतर काय करायचं ते करा."

सासूबाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि इंजेक्शन देताना चारूचं डोकं त्यांनीच आपल्या पोटाशी धरलं.

मग ते एकवीस दिवस सुरू झाले. शंतनू कामावर गेला नाही, मैथिलीनं रजा टाकली. चारूसमोर आवाज चढवायचा नाही, तोंडं वाकडी करायची नाहीत, असं ठरलं. म्हणजे तसं कुणी बोललं नाही, पण ठरलं. शंतनूनं यादी केली. पाढे तीसपर्यंत, इंग्रजीचे धडे, पुण्याच्या शाळेचं पुस्तक. सासूबाईंनी त्यांची स्तोत्रं काढली. नातेवाइकांचे फोटो भिंतीवर लावले. पहिला मम्मीचा लावला, आणि रोज संध्याकाळी चारूला त्यासमोर उभं करून विचारायच्या, "ही कोण?" सायकलच्या रोज वीस फेऱ्या व्हायच्या. मैथिली मात्र काहीच शिकवत नव्हती. ती नुसती समोर असायची. केस विंचरताना, भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना. पोरगी अंघोळीला गेली तर ही दाराबाहेर उभी.

शंतनू बायकोशी बोलायचा, पण पोरीच्या तोंडून. "चारू, आईला सांग, मीठ वाढ." "चारू, आईला विचार, पाणी आलं का." वरून बघणाऱ्याला वाटावं, काय गोड खेळ चाललाय बाप-लेकीचा! मैथिलीच्या मात्र तो जिव्हारी लागायचा.

नवव्या दिवशी दुपारी चारू सायकलवर होती, शंतनू तिच्या मागं पळत होता. मैथिली अंगणाच्या कट्ट्यावरून नजर न हलवता बघत बसली होती. सासूबाई तांदूळ निवडायला शेजारी येऊन बसल्या. गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदाच.

"चार मिनिटं रडली नाही?" त्यांनी ताटातून वर न बघता विचारलं.

"हो."

"हा," त्यांनी पळणाऱ्या शंतनूकडे मान वळवली, "हा सहा मिनिटं रडला नव्हता. उलटा धरून पाठीवर चापट्या मारल्या तेव्हा कुठं ट्यां केलं."

मैथिली बघतच राहिली. "आई! मग इतकी वर्षं कधी..."

"कुणाला सांगणार? माझ्या सासूला? मलाही माझ्या आईनं शपथ घातली होती." त्यांनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. "तेव्हा थेंब नव्हते, म्हणून माझं लपवणं खपून गेलं. नाहीतर माझाही हाच घोळ झाला असता बघ." एवढं बोलून त्या ताट घेऊन आत निघून गेल्या. मैथिलीला हसावं की कपाळ बडवून घ्यावं तेच कळेना.

बाराव्या दिवशी चारू कविता पाठ करायला बसली. एकदा वाचली. पुस्तक मिटलं. तोंड उघडलं आणि गप्प झाली. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचली. मग तिचा चेहरा रडवेला झाला. "मला येत नाहीये," ती म्हणाली. हे वाक्य त्या घरात आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. शंतनूचा चेहरा पडला. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या शाळेनं प्रवेशाआधी पडद्यावरून पुन्हा चाचणी घेतली, तीत ती चारचौघींसारखी ठरली. शाळेचा गोड भाषेतला नकार आला. शंतनूनं कपाटावरची बॅग उतरवली आणि माळ्यावर टाकली. त्या दिवसापासून तो पोरीच्या तोंडूनही मैथिलीशी बोलेनासा झाला.

पोरीची हुशारी आपण घालवली का? मैथिली स्वतःला दिवसातून पन्नास वेळा विचारायची. आणि ती गेली खरी, पण राहिलं काय? आपण राहिलो का तिच्यात? का उद्या परत झाकण ठेवलेला ग्लास? धाकधूक काही थांबेना.

बाविसाव्या दिवशी सगळे मिरजेला गेले. पडद्यावरचं चित्र बघून डॉक्टरांनी मान हलवली. "जाळी आलीय. सुरेख आलीय. आता आत काय बसलंय ते बघू." त्यांनी चारूला जवळ बसवलं. एकामागून एक फोटो दाखवले. ही आजी. हे बाबा. ह्या आजऱ्याच्या आजी. "आणि ही?"

"असं काय विचारता? ही तर आई," चारू म्हणाली आणि हसली.

मैथिलीनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"आता शेवटचं विचारते," डॉक्टर म्हणाल्या. "चारुता, तुला आठवणारी सगळ्यांत जुनी गोष्ट कोणती? डोळे मिटून सांग." मग मोठ्या माणसांकडे वळून हळूच म्हणाल्या, "जी सांगेल ती पायाची पहिली आठवण. इथून पुढं जन्मभर तीच राहील."

शंतनू पुढं सरकून बसला. पाढे म्हणेल, सायकल म्हणेल. सासूबाईंचे ओठ हलत होते.

चारूनं डोळे मिटले. "ह्याच खोलीत," ती म्हणाली. "मी तिथं खिडकीत होते. आई म्हणाली, चूक माझी आहे. मग आई रडली. हातांत तोंड लपवून. कुणीच काही बोलत नव्हतं." ती थांबली, नीट आठवून बघत असल्यासारखी. "बाबांनी हात असा पुढं केला होता. आईच्या पाठीवर ठेवायला. मग ठेवलाच नाही. मागं घेतला."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मैथिलीनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तिला हे ठाऊकच नव्हतं, तिचे डोळे तेव्हा हातांत होते. शंतनू खाली बघत होता. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"हे... हे पुसता येणार नाही ना आता?" त्यानं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर आल्यावर गाडीपाशी सासूबाई मागच्या सीटवर बसल्या. चारू दार धरून उभी होती. शंतनू किल्ली हातात घेऊन तसाच थांबला. मग तो वळला, मैथिलीजवळ आला आणि त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. अवघडून ठेवला, जड हात होता, पण ठेवला. बावीस दिवसांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे सरळ बघितलं. "घरी चल," तो म्हणाला. मग चारूकडे वळून त्यानं घाईनं विचारलं, "बघितलंस ना गं?"

"काय?" चारू म्हणाली. तिचं लक्ष रस्त्यावरच्या उसाच्या गाड्याकडे होतं.

शंतनूचा चेहरा बघवत नव्हता. मैथिलीला त्याची कीव आली, रागही आला, आणि किती तरी दिवसांनी थोडं हसूही आलं.

"आता एकदा करून तिच्या डोक्यात बसणार नाही," ती म्हणाली. "रोज करावं लागेल."